लिंबाचा डाग

कारभारीभाऊंनी माझा स्टीलचा डबा खाल्ला, तिथून आमची खरी ओळख सुरू झाली. शेजारी तर आम्ही आधीपासूनच होतो. मधली भिंत एक, इकडे माझं शिलाई मशीन, तिकडे त्यांचं अंगण. एके दिवशी "बेबीताई, एखादं भांडं द्या जरा" म्हणून त्यांनी माझा डबा नेला आणि परत आणला तो बुडाला भोक पाडून. आत त्यांनी कसलंसं तांबूस पाणी ठेवलं होतं. फेरिक क्लोराईड म्हणतात त्याला, हे मला पुढे कळलं. आमच्या दोन्ही घरांत त्याला लाल पाणीच म्हणायचे. मी भिंतीवरून भांडभांड भांडले. माफी मागेल तो माणूस कसला! "स्टील हलकं होतं तुमचं," एवढंच बोलले आणि आत गेले.

नांदुऱ्यात बसस्टँडच्या पलीकडे त्यांचं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. लग्नातल्या बँडवाल्यांचे ॲम्प्लिफायर ते स्वतः बनवायचे. त्यातल्या तांब्याच्या पट्ट्या लाल पाण्यात बुडवून नक्षी काढायची असते. जिथे रंग लावला तिथलं तांबं राहतं, बाकीचं पाणी खाऊन टाकतं. मग टीव्ही भिंतीला चिकटण्याइतके बारीक झाले, बिघडले तर फेकून देऊ लागले, आणि कारभारीभाऊंनी दुकान आवरलं. उरलेलं लाल पाणी मात्र प्लास्टिकच्या कॅनमध्ये भरून घरी आणलं. चांगली वस्तू टाकून देणं त्यांच्या रक्तात नव्हतं.

घरात ते आणि मुलगा गोविंदा, दोघंच. रुखमाबाई पोर शाळेत जायच्या वयाचं असतानाच गेली. ह्या माणसानं एकट्यानं पोर वाढवलं, भाकरी शिकला, पोराच्या शर्टाची बटणं लावायला शिकला (माझ्याकडे आणून दिली असती तर माझे हात झिजले नसते, पण नाही). एकच गोष्ट त्यांना जमली नाही, ती म्हणजे गोविंदाचा डावा हात. पोरगा डावखुरा. जेवायला बसला की भिंतीपलीकडून रोज ऐकू यायचं, "उजव्या हातानं खाय बे! देवाचा परसाद कोन्त्या हातानं घेतं तू?" मग चापट, मग थोडं रडणं, मग पुन्हा डावाच हात. शेवटी बापानं नाद सोडला. जित्याची खोड म्हणतात ना, तसं.

हा गोविंदा मोठा झाला, शेतात भाजीपाला करू लागला, आणि रिकाम्या वेळात त्यानं एका जुन्या ट्रकच्या कमानपाट्यातून सुरी घडवली. सुरी बरी होती, पण नवीकोरी चकचकीत. मोबाईलवर त्यानं पाहिलं होतं की मोठ्या शहरांतल्या लोकांना हल्ली सुरी नवी आवडत नाही. दहा पिढ्यांनी वापरल्यासारखी, काळवंडलेली, खरवडलेली हवी असते. मी म्हटलं, "माह्याकडे ये म्हणा त्याईले, माह्या सगळ्या सुऱ्या तशाच हायेत." पण बापाला ते ऐकून लाल पाण्याचा कॅन आठवला.

त्या दोघांचं ते काम मी शिलाई करता करता किती वेळा पाहिलं. आधी पातं पॉलिश पेपरनं घासायचं, राखेनं धुवायचं, मग त्याला बोट लावायचं नाही. बोटाचं तेल लागलं तर तिथे पाणी चढत नाही. प्लास्टिकच्या पाइपात लाल पाणी, त्यात पातं उभं सोडायचं. बाहेर काढलं की राखेसारखं दिसायचं. खायच्या सोड्यानं धुतलं की आग शमायची, म्हणजे पाण्याचं खाणं थांबायचं. मग एका डब्यात ज्ञानगंगा नदीतले बारीक गोटे आणि त्यात पातं घालून तो डबा गोविंदा खदाखदा हलवत बसायचा. त्या आवाजानं माझं डोकं उठायचं. गोट्यांनी उंच जागा घासल्या जायच्या, खोल जागा काळ्या राहायच्या, आणि कालचं पातं शंभर वर्षांचं म्हातारं दिसू लागायचं. शेवटी कडक कॉफीत मुरवायचं आणि जवसाचं तेल चोळायचं. ज्या घरात पाहुण्याला कधी कॉफी मिळाली नाही, त्या घरात सुऱ्या कॉफी प्यायच्या.

ती पहिली सुरी गोविंदानं विकली नाही. मुठीला बाभळीचं लाकूड लावलं आणि अंगठा टेकवायला मुठीत खाच कोरली. स्वतःच्या अंगठ्यासाठी, म्हणजे डावखुऱ्याच्या. तुमच्याआमच्या हाताला ती उलट्या बाजूला यायची.

पुढे गावात एका लग्नात ऐन हळदीच्या दिवशी नवरदेवाची कट्यार सापडेना. आमच्याकडे हळद लागली की नवरदेवानं टोकाला लिंबू खोचलेली कट्यार हातात धरायची, ती हळद उतरेपर्यंत सोडायची नाही. कोणीतरी धावत येऊन गोविंदाची सुरी घेऊन गेलं. आणि मांडवात म्हातारेकोतारे ती पाहून थक्क झाले. "काय जुनी चीज हाये! कोन्त्या राजाच्या टायमाची असन?" कारभारीभाऊ तिथेच बसले होते. ट्रकच्या टायमाची आहे, हे त्यांनी सांगितलं नाही. तेव्हापासून सुरीची कट्यार झाली आणि गावचा प्रत्येक नवरदेव तीच मागू लागला. निम्म्या गावाला अजून वाटतं की ती कोण्या पूर्वजानं लढाईतून आणली.

आता लिंबाचं असं की काळ्या पात्यावर त्याचा रस ओघळला की तेवढा काळेपणा तो खातो. कट्यार परत यायची तेव्हा टोकापासून खाली राखाडी डाग उतरलेला असायचा, प्रत्येक नवरदेवाचा वेगळा. कारभारीभाऊंनी मग एक नेम केला. एकाच्या लिंबाचा डाग दुसऱ्यानं न्यायचा नाही. ज्याचं लग्न त्याच्यापाशी. कट्यार आली की घासायची, लाल पाण्यात सोडायची, पुन्हा पूर्ण काळी करायची. हा नेम शास्त्रात कुठे नाही, भाऊंच्या डोक्यातला. पण ते तो देवाच्या नेमासारखा पाळायचे. नवरदेव एकच तक्रार करायचे, "काका, ही खाच उलटी काऊन हाये? अंगठा दुखते." त्यावर भाऊ म्हणायचे, "बायको करून राह्यला, अन् अंगठ्याले भेते?" आणि सगळे हसायचे.

गोविंदाचं लग्न ठरलं ते हिवरा आश्रमाकडच्या प्रेरणाशी. हळदीला त्यानं स्वतःची कट्यार धरली, अर्थातच डाव्या हातात. बाया ओरडल्या, मामा ओरडला, गोविंदा तात्पुरती उजव्या हातात घ्यायचा आणि जरा कोणाची पाठ फिरली की कट्यार डावीकडे. मी पाहत होते, मला हसू आवरेना. दुसऱ्या दिवशी लग्नाच्या मांडवात प्रेरणानं पण ते पाहिलं आणि ती मुंडावळ्यांच्या आडून हसली. त्या दोघांचं तिथेच जमलं, असं मी म्हणते.

लग्न झाल्यावर भाऊ नेमाप्रमाणे पॉलिश पेपर घेऊन बसले. गोविंदा म्हणाला, "राहू द्या ना बाबा. माह्या लगनाचा डाग हाये, आठवण म्हणून राहू द्या." पोराचं मन कोण मोडणार? भाऊंनी कट्यार तशीच ठेवून दिली. अर्ध्या फोडीसारखा डाग आणि त्यातून मुठीकडे आलेला एक ओघळ. गावाची पुढची लग्नं निघाली तर पुसू, असं त्यांनी ठरवलं.

पुढच्या लग्नाआधी गोविंदाच गेला. विहिरीवरची मोटर चालू करायला गेला होता, स्टार्टरची पेटी ओली होती, करंट लागला. ज्यानं आयुष्यभर लोकांचे रेडिओ उघडून करंट तपासला, त्याचा पोरगा करंटनं गेला. मी त्या दिवसाबद्दल जास्त सांगणार नाही. प्रेरणाच्या हाताची मेंदी अजून नखांवर होती.

आणि मग गाव बोलायला लागलं. गावाला तोंड आहे, कान नाहीत. आधी कट्यारीला अपशकुनी ठरवलं. लोक मलकापुरातून पत्र्यासारख्या चकचकीत कट्यारी आणू लागले. मग प्रेरणाला. ज्या बाया तिच्या लग्नात नाचल्या, त्या सकाळी ती समोरून आली की पदर सावरून गल्ली बदलायच्या. तिचा भाऊ अविनाश तिला न्यायला आला होता. ती गेली नाही. "मामाजीले पोळी कोण देईन?" म्हणाली. आमच्याकडे सुना सासऱ्याला मामाजी म्हणतात. तर तिचं राहणंही लोकांना पचेना. सासरा एकटा, सून तरणी, अशी कुजबुज सुरू झाली. मी चार जणींना रस्त्यात उभं करून झाडलं आणि त्या दिवसापासून प्रेरणाला रात्री झोपायला माझ्याकडे आणलं. ती दिवसभर त्या घरात, संध्याकाळी माझ्याकडे. लोकांना तोंड मिटायला तेवढंही पुरलं नाही, तो भाग वेगळा.

सुऱ्यांचं काम थांबलं नव्हतं. घडवायचं काम भाऊ आता लोहाराकडून करून घ्यायचे, लाल पाणी स्वतः करायचे, आणि कॉफी-तेल प्रेरणा करायची. पण सकाळचा चहा झाला की भाऊ जुन्या टीव्हीचं दार सरकवायचे. लाकडी दारं असलेला तो टीव्ही. आतलं सगळं त्यांनी केव्हाच काढलं होतं आणि आत फक्त ती कट्यार होती. काढायची, डाग पाहायचा, परत ठेवायची. डागावर बोट लावायचे नाहीत, बोटाचं तेल लागेल म्हणून. देवघरात त्यांनी दिवा लावलेला मी पाहिला नाही. त्यांची पूजा म्हणाल तर ही होती.

दोन वर्षं अशी गेल्यावर एका सकाळी ते भिंतीशी आले. "बेबीताई, प्रेरणासाठी पोरगा पाहा."

मी म्हटलं, "भाऊ, तिनं म्हटलं का?"

"थी कशी म्हणन? माह्याकडे पाहून थी कधीच बोलनार नाही. म्हणून तर मले पाहा लागते."

पोरगा मिळाला तो गोकुळ. मलकापूरकडचा, वांगी-मेथी लावायचा, बाजारात स्वतः बसून विकायचा. चाळिशीला टेकलेला नव्हता, पण शेती करणाऱ्या पोराला हल्ली कोण मुलगी देतं? त्याची आई म्हणाली, ठीक आहे, पण दुसरेपणाची आहे तर पाट लावू. पाट म्हणजे हळद नाही, वाजंत्री नाही. सांज पडताना चार माणसांत उरकून टाकायचं, चोरून आणल्यासारखं. प्रेरणा खाली मान घालून "चालन" म्हणाली. मला तिचा आणि त्या म्हातारीचा, दोघींचाही राग आला.

तेवढ्यात गोकुळ पुढे सरकला. तो म्हणाला, "माहं पहिलंच लगन हाये. मले हळद लागन, मी कट्यार धरीन. अन् कट्यार काकाची नेईन."

भाऊ चमकले. "लोकं त्या कट्यारीले काय म्हणतात, मालूम हाये ना तुले?"

"हाव. अन् इले काय म्हणतात थेही मालूम हाये. दोघीले संगच घेऊन जातो, पाहतो कोण काय बोलते."

त्या क्षणी गोकुळ माझ्या मनात भरला. प्रेरणानं पहिल्यांदा मान वर करून त्याच्याकडे पाहिलं. तिच्या नावाला लागलेला डाग धुवायला तो भर मांडवात ती कट्यार मिरवणार होता, आणि हे तिला कळलं होतं. भाऊ "हाव, हाव" म्हणाले. पण मी त्यांना ओळखते. त्यांचं लक्ष टीव्हीच्या दाराकडे गेलं होतं.

कारण नेम होता ना! एकाच्या लिंबाचा डाग दुसऱ्यानं न्यायचा नाही. गोकुळला कट्यार द्यायची तर गोविंदाचा डाग स्वतःच्या हातानं घासून काढायचा. पोराचे कपडे वाटून झाले होते, मोबाईल बंद पडला होता, फोटो लग्नातलाच आणि त्यातही अर्धा चेहरा मुंडावळ्यांत. उरला होता तो लिंबाचा एक ओघळ. मी मनात म्हटलं, हे ह्या माणसाकडून होणार नाही.

झालंच नाही. त्यांनी दुसरी वाट काढली. लोहाराकडून तसंच पातं आणलं आणि अंगणात बसून त्याला म्हातारं करायला लागले. इतकं मन लावून काम करताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. खऱ्या कट्यारीच्या पात्यावर मुठीजवळ एक ओरखडा होता, तो तसाच पाडला. टोक जरा बोथट होतं, ते तसंच केलं. लाल पाण्यात कितीदा बुडवलं, गोट्यांच्या डब्यात घालून हलवलं, मध्येच काढून पाहिलं, परत घातलं. बाभळीचं जुनं लाकूड शोधून मूठ केली, खाच कोरली, तिला तेल पाजून काळी केली. प्रेरणा त्या दिवसांत माझ्याकडे लग्नाचे ब्लाऊज शिवून घेत होती. कॉफीला त्यांनी तिला बोलावलं नाही, स्वतःच उकळली. मी भिंतीवरून पाहिलं आणि मला सगळं समजलं.

"भाऊ, हे बरं नाही," मी म्हटलं.

"कोणाले कळते?" ते म्हणाले. "गावाले ट्रकचा पाटा इतकी वर्षं कळला नाही."

मी परत मशीनवर जाऊन बसले. खोटं होतं, पण कुणाचं काय जात होतं? पोराला कट्यार मिळत होती, बापाला डाग राहत होता. त्या दोन सुऱ्या शेजारी ठेवल्या असत्या तर मलाही ओळखता आल्या नसत्या. एका बापानं दोन वर्षं दुसरं काही पाहिलंच नव्हतं, त्याला नक्कल का नाही साधणार?

गोकुळ कट्यार न्यायला आला तो सकाळचा. मी कट्यारीसाठी लाल खणाची पिशवी शिवली होती, ती द्यायला मीही गेले होते. भाऊंनी कपड्यात गुंडाळलेली कट्यार दोन्ही हातांनी पुढे केली. गोकुळनं ती डोक्याला लावली, उघडली, मुठीत धरली. प्रेरणा चहाचा ट्रे घेऊन दारात आली होती.

गोकुळ हसून म्हणाला, "लोकं तर म्हणत होते का खाच उलटी हाये, अंगठा दुखते. मले तर बरोबर बसली, काका."

 प्रेरणा तिथेच उभी राहिली. तिची नजर त्या मुठीवर होती.

भाऊंनी गोकुळच्या हाताकडे पाहिलं. उजवा हात. अंगठा खाचेत नीट बसलेला. त्यांनी कट्यार त्याच्या हातातून घेतली, स्वतःच्या उजव्या हातात धरली, मग डाव्या हातात धरून पाहिली. डाव्या हातात ती खाच उलटी आली.

"मामाजी," प्रेरणा हळू म्हणाली, "ही थी नाही."

"नाही," भाऊ म्हणाले. "नाही बापा, ही थी नाही."

आणि ते खाली बसले, ओट्यावर नाही, अंगणातच. मला वाटलं चक्कर आली. मी धरायला गेले तर हात झटकला. "ओरखडा ध्यानात राह्यला माह्या. टोक ध्यानात राह्यलं. अन् माहं लेकरू डावखुरं होतं थेच इसरलो मी, बेबीताई. रोज मारलं त्याले त्या हातापायी. रोज. अन् इसरलो." ते छाती बडवत नव्हते, मोठ्यानं रडतही नव्हते. फक्त तेच तेच बोलत होते. "डाग जपत बसलो, अन् हात इसरलो." गोविंदा गेला त्या दिवशी हा माणूस लोकांना पाणी देत फिरला होता. त्याचा पोरगा त्याच्या आत आज मेला, असं मला वाटलं, आणि मी पिशवी तोंडाशी धरून रडले.

गोकुळ बिचारा गोंधळून उभा होता. प्रेरणानं ट्रे खाली ठेवला आणि त्याला थोडक्यात सांगितलं, काय झालं ते. भाऊ उठले, आत गेले, टीव्हीचं दार सरकल्याचं ऐकू आलं. खरी कट्यार घेऊन बाहेर आले. अर्धी फोड आणि एक ओघळ.

गोकुळनं डाग पाहिला. "काका, पुसू नका. मी अशीच नेतो. गोविंदाभाऊचा डाग राहू द्या, मले काही वाटत नाही."

"नाही!" भाऊ इतक्या जोरात ओरडले की प्रेरणा दचकली. "थो म्हणला राहू द्या, म्हणून मी ठेवला. माहा नेम म्या मोडला. पुसला असता तं थो असता. तुले नाही नेऊ देणार मी हे."

तर हे होतं. दोन वर्षं रोज सकाळी ते डागाकडे पाहायचे ते आठवणीसाठी, असं मी समजत होते. ते त्यात स्वतःचा गुन्हा पाहत होते आणि तरी पुसवत नव्हता, कारण त्याशिवाय पोराचं काही उरलं नव्हतं. काय म्हणावं ह्याला? अशी शिक्षा वैऱ्याला नको.

प्रेरणा त्यांच्याजवळ बसली. "स्टार्टरची पेटी ओली होती, मामाजी," ती म्हणाली. लहान मुलाला सांगावं तसं. "तुम्ही तं म्हणतही होते त्याले, पेटी बदल म्हणून. डागाचं काही नाही. पेटी ओली होती."

"तरी," भाऊ म्हणाले.

"बरं. तरी."

तिनं आतून तांब्या आणला. भाऊंनी पॉलिश पेपर घेतला, पण तो पात्यावर टेकवेना. हात नुसता वर धरलेला. मग प्रेरणानं पात्यावर पाण्याची धार धरली आणि म्हणाली, "घासा, मामाजी." त्यांनी पहिला हात टोकाकडून फिरवला. ती पाणी घालत होती, ते घासत होते. ओघळ आधी गेला, कारण तो वरवरचा होता. अर्ध्या फोडीची कड बराच वेळ दिसत राहिली. घासलेलं काळं पाणी तिच्या पायांवरून वाहत अंगणात उतरत होतं. एकदा भाऊ थांबले आणि तिच्याकडे पाहिलं. ती म्हणाली, "थोडाच राह्यला." तिच्या डोळ्यांतून धार लागली होती, पण तांब्या हलला नाही. तो तिच्याही नवऱ्याचा डाग होता, हे त्या वेळी कोणाच्या लक्षात होतं की नाही कोण जाणे. माझ्या होतं.

मग लाल पाणी, मग सोडा, मग कॉफी. कॉफी प्रेरणानं केली. दुपार झाली. गोकुळ ओट्यावर बसून होता, एकदाही घड्याळाकडे पाहिलं नाही. पातं पूर्ण काळं निघालं, कोणाचंच नसल्यासारखं. गोकुळनं ते हातात धरलं आणि लगेच अंगठा सरकवला. "हं. आता दुखते," तो म्हणाला. भाऊंनी मान हलवली.

लग्न वाजतगाजत झालं. गोकुळनं ती कट्यार सगळ्या मांडवाला दिसेल अशी उंच धरली होती. ज्या बाया गल्ली बदलायच्या, त्या नव्या साड्या नेसून पंगतीत पहिल्या होत्या. मी एकीला दुसऱ्यांदा जिलबी वाढली नाही. तेवढाच माझा सूड. सासऱ्यानं बापाच्या जागी बसून सुनेचं कन्यादान केलं. पाठवणीला प्रेरणा त्यांच्या गळ्यात पडली तेव्हा "पोळी मी करतो, काळजी नोको करू" एवढंच ते बोलले.

मांडवपरतणीला, म्हणजे लग्नानंतर पहिल्यांदा माहेरी, दोघं आली. गोकुळनं कट्यार पिशवीतून काढून दिली. त्याच्या लिंबाचा डाग लांबट पडला होता. बसायला चटई टाकायच्या आधी भाऊंनी पॉलिश पेपर काढला.

"राहू द्या ना, काका," गोकुळ सहज म्हणाला. "आठवण म्हणून."

मी प्रेरणाकडे पाहिलं. ती तांब्या भरून घेऊन आली.

"तुही आठवण कायले ठेवू बे?" भाऊ घासता घासता म्हणाले. "तू तं हायेस ना. येत जाय." आणि डागाचा मागमूस राहिला नाही तोवर त्यांनी मान वर केली नाही. मगच चहाचं विचारलं.

आता ते एकटे राहतात. नकली कट्यार त्यांनी कांदा चिरायला ठेवली आहे. टीव्हीच्या दाराआड काही नाही. त्यात मी माझे दोरे ठेवायला मागितले तर नाही म्हणाले. गावाचं म्हणाल, तर गोकुळ धडधाकट आहे आणि प्रेरणाला दिवस गेलेत हे कळल्यावर कट्यारीचा अपशकुन आपोआप उतरला. परत नवरदेव मागायला येऊ लागले. परवा एक आला. कट्यार हातात धरून म्हणाला, "काका, ही खाच उलटी काऊन हाये?"

बायको करून राह्यला अन् अंगठ्याले भेते, हे उत्तर मी भिंतीपलीकडून मनातल्या मनात म्हणून घेतलं. पण भाऊ ते म्हणाले नाहीत. हल्ली ते प्रत्येकाला एकच सांगतात.

"माहा गोविंदा डावखुरा होता," ते म्हणाले. मग त्यांनी कट्यार त्याच्या हातातून घेतली आणि स्वतःच्या डाव्या हातात धरून, कशी धरायची ते त्याला दाखवलं.